घाम सुकत नाही तिथलं काम: काजू, आंबा आणि बॉयलरच्या शेडमध्ये उष्माघात कसा टाळायचा

नागपुरात ४२ अंश आणि हवेत २० टक्के दमटपणा असेल, तर वेट बल्बचं तापमान, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा, साधारण २४ भरतं. रत्नागिरीत ३४ अंश आणि ७० टक्के दमटपणा असेल, तर ते २९ च्या वर जातं. थर्मामीटर पाहणाऱ्याला रत्नागिरी सुसह्य वाटते, पण भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाचं शरीर उलटं सांगतं. अंग थंड होतं ते घाम येऊन नव्हे, घाम सुकून. कोकणात घाम सुकतच नाही. सदरा निथळतो, थेंब जमिनीवर पडतात, आणि जमिनीवर पडलेल्या थेंबाने अंगातली उष्णता काडीइतकीही कमी होत नाही. पाणी आणि मीठ तेवढं जातं.

हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट धरतं ती तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वर गेल्यावर. ही कसोटी उघड्या हवेची आहे. काजूच्या ड्रायरजवळ, आंबा कॅनिंगच्या रिटॉर्टपाशी (भरलेले डबे वाफेवर तापवायचं बंद भांडं), लोटे, महाड, रोह्याच्या केमिकल प्लांटमधल्या रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर लाट जाहीर न होताही माणूस कोसळू शकतो. म्हणून शेडच्या आतला आकडा आपला आपण काढायचा.

आकडा कसा काढायचा

दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्यावर जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं स्वच्छ धुतलेलं पांढरं सुती कापड एकपदरी गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि त्याची शेपटी खाली छोट्या बाटलीतल्या पाण्यात सोडा. फुगा आणि बाटलीचं तोंड यांत तीन-चार सेंटिमीटर उघडी जागा राहू द्या. पाणी बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वापरा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी कापड आठवड्यात कडक होतं. जोडी जमिनीपासून दीड मीटरवर टांगा आणि ती जिथे माणूस उभा राहतो तिथेच टांगा, ऑफिसच्या दारात नाही. अर्धा तास थांबून वाचा. सकाळी १०, दुपारी साडेबारा आणि ३ वाजता आकडे भिंतीवरच्या पाटीवर लिहा.

काजूच्या शेडमध्ये टरफलातल्या तेलाच्या वाफेने हे कापड तपकिरी होतं, कॅनिंगमध्ये रसाने चिकट होतं. तेलकट कापड पाणी ओढत नाही, मग वेट बल्ब खोटाच चढा दिसतो. एक-दोनदा असं झालं की सगळे म्हणतात, हे यंत्र काही खरं नाही, आणि वाचणं बंद पडतं. दर सोमवारी कापड बदला. दोन्ही थर्मामीटर सारखाच आकडा दाखवत असतील तर बहुतेक बाटली कोरडी पडलेली असते.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १३ खालच्या नियमांत कामाच्या जागी दीड मीटर उंचीवर वेट बल्ब ३० अंशांच्या पुढे जाऊ नये आणि हवा मिनिटाला किमान ३० मीटर वेगाने खेळावी, अशी अट घातलेली होती. ३० ही शेवटची रेघ आहे, कामाचं लक्ष्य नव्हे. कोकणातल्या एप्रिलमध्ये बाहेरच २७-२८ असतात, म्हणजे शेडने भर घालायला जेमतेम दोन अंश उरतात.

भट्टी, ड्रायर, वाफेची कढई किंवा तापलेले पत्रे असतील तिथे वेट बल्ब एकटा पुरत नाही, कारण तापलेली वस्तू हवेला न तापवताही थेट अंगावर उष्णता फेकते. ती मोजायला १५ सेंटिमीटर व्यासाचा काळा तांब्याचा पोकळ गोळा आणि त्यात बसवलेला थर्मामीटर लागतो. छताखाली हिशोब असा: वेट बल्बचा ०.७ पट अधिक काळ्या गोळ्याचा ०.३ पट. या बेरजेला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. मोठ्या कारखान्याच्या सेफ्टी खात्याकडे याचं तयार मीटर असतं, आठवडाभरासाठी मागून आणलं तरी आपल्या शेडचा अंदाज बसतो.

समजा काजूच्या ड्रायरच्या दाराशी वेट बल्ब २९ आणि गोळा ४४ आहे. २०.३ अधिक १३.२, म्हणजे ३३.५. एसीजीआयएच या अमेरिकी औद्योगिक आरोग्य संस्थेच्या कोष्टकात उष्म्याला सरावलेल्या माणसाला मध्यम कष्टाचं काम २८ पर्यंत तासभर चालतं. २९ ला तासातला पाऊण वेळ, ३० ला अर्धा, ३१.५ ला पाव. ३३.५ हा आकडा त्या कोष्टकात कुठेच बसत नाही. आता ड्रायर आणि माणूस यांच्यामध्ये चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पडदा लावला आणि गोळा ३६ वर आला, तर बेरीज ३१.१ होते. वाफेची गळती बंद करून वेट बल्ब २७ वर आणला, तर २९.७. अजूनही अर्धा तास काम आणि अर्धा तास विसावा हे आलंच, पण काम करता येण्याजोगं झालं.

रबरी किंवा पीव्हीसीचा बंद सूट घालून काम करणाऱ्याच्या डब्ल्यूबीजीटीत आणखी ११ मिळवा. त्या सुटात घाम सुकायला जागाच नाही. अ‍ॅसिडचा टँकर रिकामा करणाऱ्याला बाहेर २५ असताना आत ३६ असतात. त्याचं काम पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच लावा, १५-२० मिनिटांच्या पाळीने, सोबत एक माणूस नुसतं बघायला ठेवून.

आधी वाफ बंद करा, मग पंखे आणा

बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. उकाडा वाढला की पंखा येतो. कोकणातल्या शेडमध्ये सगळ्यात महागात पडते ती वाफेची गळती. गरम पाइप हवा तापवतो, पण गळकी वाफ हवा तापवते आणि ओलीही करते, आणि घाम सुकणं तिथेच थांबतं. काजू उकडण्याच्या कुकरचं गॅस्केट, कढईच्या जॅकेटचा स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी तेवढं सोडणारा व्हॉल्व्ह), व्हॉल्व्हच्या दांड्याजवळचं ग्लँड पॅकिंग (गळती रोखणारं दोरीसारखं भरण), एवढ्या तीन जागा सीझन सुरू होण्याआधी, फेब्रुवारीतच पाहून घ्या. उकडलेल्या बिया कुकरमधून ओतताना जो ढग उठतो, तो शेडबाहेर नाहीतर थेट वर नेणाऱ्या हूडखाली उठला पाहिजे. रिटॉर्टचं झाकण उघडण्याआधी वाफ पाइपने बाहेर सोडा. वाफेच्या पाइपांना ५० मिलिमीटर काचलोकर आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं आवरण लावलं की शेडही निवते आणि बॉयलरचं जळणही वाचतं. मालकाला समजावताना ही दुसरी गोष्ट आधी सांगा.

अ‍ॅल्युमिनियमचा पडदा चकाकतो तोवरच उष्णता परतवतो. खाऱ्या हवेने आणि काजळीने तो महिन्याभरात मळतो, मग तोच तापून माणसाला भाजतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. पडदा ड्रायरला चिकटवू नका, मध्ये वीतभर हवा खेळू द्या.

पत्र्याच्या छपरावर मार्चच्या सुरुवातीला चुन्याचे दोन हात द्या. पावसाळ्यात तो धुऊन जातो, तेव्हा गरजही नसते, दरवर्षी द्यायचा. पत्र्यांवर नारळाची झापं घालणंही चांगलं, पण बॉयलरच्या चिमणीपासून आणि काजूच्या टरफलांच्या ढिगापासून लांब. त्या टरफलातलं तेल पेट घेतं.

वाऱ्याची दिशा कोकणात ठरलेली आहे, तिचा फायदा घ्या. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून येतो, दुपारी खारा वारा पश्चिमेकडून. आत येणारी हवा पश्चिमेच्या जाळ्यांतून खालून घ्या, एक्झॉस्ट पूर्वेच्या भिंतीवर उंच लावा. एक्झॉस्ट लावला आणि हवा आत यायला वाटच ठेवली नाही, तर पंखा नुसता गुरगुरतो. मधली वेळ सगळ्यात वाईट. मतलई पडलेली असते, खारा वारा अजून सुटलेला नसतो. साधारण १० ते १२ च्या दरम्यान झाडाचं पानही हलत नाही. जड कामं या दोन तासांतून काढून सकाळी ६ ते ९ मध्ये टाका. बहुतेक लोक दुपारी दोनला घाबरतात. वारा खेळत्या शेडमध्ये खरी काहिली अकराला असते.

कूलर आणू नका. घाटावर कूलर चालतो कारण तिथली हवा कोरडी असते. इथे तो ओल्या हवेत आणखी ओल भरतो आणि समोरच्या माणसाला पाच मिनिटं बरं वाटून मग जास्त गुदमरतं. साधा मोठा पंखा मात्र उपयोगाचा, फक्त तो भट्टीच्या मागून माणसाकडे हवा फेकणारा नसावा. बाहेरची हवा माणसावरून भट्टीकडे गेली पाहिजे.

पाणी, मीठ आणि संडास

दर २० मिनिटांनी एक कप, म्हणजे साधारण पाव लिटर. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. तासाला पाऊण लिटर झालं. २० माणसं आणि उष्म्याचे सहा तास धरले तर ९० लिटर. सकाळी २० लिटरचे दोन कॅन भरून ठेवले की दुपारी दोनपर्यंत ते रिकामे होतात आणि नेमके तेव्हाच कुणी भरायला जात नाही. माणूस नेमा, वेळ नेमा. दुसरं टोकही लक्षात ठेवा, तासाला दीड लिटरच्या वर पाणी पिऊ नये. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन उलट्या, डोकेदुखी, भ्रम होतो, आणि तो अगदी उष्माघातासारखा दिसतो.

माठ कोकणात फारसा गार करत नाही, कारण माठही पाणी सुकवूनच गार होतो. बंदरावरच्या कारखान्यातली बर्फाची लादी पाण्यात घालू नका, तो बर्फ मासळीसाठी असतो. तो फोडून टबात भरा आणि त्यात पाण्याचा बंद कॅन उभा करा. पाणी माठाहून थोडं गार असलं तरी पुरे, दातांना लागेल इतकं गार कुणी पुरेसं पीत नाही.

मीठ जेवणातून यावं. सकाळी उपाशी पोटी आठच्या पाळीला येणाऱ्या बायका दहा-साडेदहाला चक्कर येऊन खाली बसतात, त्यांना पाळी सुरू होताना मिठाची पेज मिळाली तर अर्धा त्रास तिथेच संपतो. पेजेत पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही आहेत. मीठ घातलेलं कोकम सरबतही चांगलं. शहाळं पोटाला गार वाटतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणून शहाळ्यावर भिस्त ठेवू नका. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. पेल्यात अर्धं पाकीट टाकून पिण्याची खोड सगळीकडे आहे, तिने मळमळ आणि जुलाब होतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाच्या गोळ्या देऊ नका. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना जास्तीचं मीठ डॉक्टरांना विचारूनच द्या.

आणि संडास. काजू सोलणाऱ्या, आंब्याच्या कोयी काढणाऱ्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण संडास लांब, घाणेरडा किंवा कडी नसलेला असतो. वर पिसरेटचा, म्हणजे जेवढं काम तेवढ्या मजुरीचा हिशोब असतो, उठलं की मजुरी बुडते. पाण्याचे कॅन भरलेले राहतात आणि कुणी म्हणतं, यांना तहानच लागत नाही. स्वच्छ, कडी असलेला, पाण्याचा नळ असलेला संडास आणि तासातल्या दहा मिनिटांची भरपगारी सुट्टी हे उष्माघाताच्या बंदोबस्ताचेच भाग आहेत. हे न करता लावलेले फलक वाया जातात.

शिमग्याहून परतलेला माणूस

शरीर उष्म्याला सरावायला एक ते दोन आठवडे घेतं. सरावलं की घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं, नाडी कमी धडधडते. आठवडाभर उष्म्यापासून दूर राहिलं की हा सराव उतरायला लागतो. कामावरच्या उष्माघाताचे बळी बहुतेक पहिल्या काही दिवसांतलेच असतात.

कोकणात हे दिवस कॅलेंडरमध्ये आधीच दिसतात. शिमग्याला गावी गेलेला माणूस मार्चअखेर परततो, तोवर उकाडा वाढलेला असतो. गणपतीहून परतलेल्याला पाठोपाठ ऑक्टोबरचा उष्मा गाठतो. झारखंड, उत्तर प्रदेश, नेपाळहून आलेला नवा मुलगा कोरड्या हवेतून थेट या दमटाईत उतरतो आणि मुकादमाला दाखवायला पहिल्याच दिवशी दुप्पट ओझी उचलतो. त्याच्यावर नजर हवीच.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्म्यात पाळीच्या फक्त २० टक्के वेळ द्या, रोज २० टक्के वाढवा, पाचव्या दिवशी पूर्ण. जुना माणूस सुट्टीहून आला तर पहिल्या दिवशी ५०, मग ६०, मग ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ पॅकिंग, तोलाई, साफसफाई अशी थंड जागेची कामं. मजुरी पूर्ण दिवसाचीच द्या, नाहीतर कुणीही "मला सवय आहे" असंच म्हणेल. नवीन माणसाला वरच्या कोष्टकातले आकडेही तीन-तीन अंशांनी कमी धरा.

ताप किंवा जुलाबातून उठलेला, रात्री दारू प्यायलेला, गरोदर बाई, मधुमेही, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा, सर्दी-अ‍ॅलर्जीची झोप आणणारी गोळी घेतलेला, यांना त्या दिवशी भट्टीपासून लांब ठेवा. विचारताना चारचौघांत विचारू नका.

काय दिसलं तर काय करायचं

घामोळं आलं तर कोरडं ठेवा, पावडरीचा थर देऊ नका. पोटरीत गोळे आले तर सावलीत बसवा, ओआरएस द्या, हळू ताणा. तासाभरात गेले नाहीत तर डॉक्टर. भट्टीपुढे उभ्या उभ्या भोवळ आली तर आडवं करून पाय उंच करा. थकवा, डोकेदुखी, मळमळ, गार ओलसर कातडी असेल तर काम थांबवा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसून पंखा लावा, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा भट्टीवर नाही, आणि घरी एकटं पाठवायचं नाही.

खरी रेघ डोक्याची आहे. माणूस डब्बा उलटा ठेवतो, हाक मारली तर वेगळंच उत्तर देतो, विनाकारण चिडतो, झोकांड्या खातो. "काकी, आत्ता कितवा ट्रे लावलात? तुमची वाडी कुठली?" असं विचारा. उत्तर अडखळलं की तो उष्माघातच धरा. कातडी कोरडी असण्याची वाट पाहू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात झाला तर अंग कोरडं असतं, पण राबणारा माणूस उष्माघातातही घामाने भिजलेला असू शकतो. कपाळावर रोखायचं थर्मामीटर ओल्या कातडीवर ३७ दाखवतं आणि आत ४१ असतात. त्या आकड्यावर विसंबू नका.

एकाने १०८ लावायचा. बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. आधी थंड, मग गाडी. अर्ध्या तासात अंगाचं तापमान ३९ च्या खाली आलं तर माणूस वाचण्याची शक्यता फार वाढते, आणि वाडीपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंतच्या वळणांच्या रस्त्यावर तो अर्धा तास सहज जातो.

ताडपत्री जमिनीवर पसरा. माणसाला मधोमध निजवा, बाहेरचे कपडे, बूट, मोजे काढा. सहा-सात जणांनी कडा गुडघाभर उचलून धरा, डोकं एकाने बगलेत हात घालून पाण्याच्या वर ठेवायचं. १०० ते १५० लिटर पाणी ओता, असेल तेवढा फोडलेला बर्फ टाका आणि पाणी हाताने सतत हलवत राहा. हलवलं नाही तर कातडीलगतचं पाणी कोमट होऊन बसतं. इथे मासळीचा बर्फ बेधडक वापरा. ताडपत्री नसेल तर कॅनिंगचा आंबे धुण्याचा हौद, तोही नसेल तर नळीने पाणी मारा, बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल डोकं, छाती, मांड्यांवर ठेवून दोन-तीन मिनिटांनी बदला आणि पंखा लावा. नुसता काखेत बर्फ ठेवणं पुरत नाही.

शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका, फुफ्फुसात जातं. क्रोसिन देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही आणि यकृतावर भार येतो. तळव्यांना कांद्याचा रस चोळण्यात मिनिटं जातात, आणि तीच हातात नसतात. फिट आली तर बाहेर काढून कुशीवर वळवा, तोंडात चमचा कोंबू नका. थंड करणं चालू ठेवा, तो नीट बोलू लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत. नीट बोलायला लागला तरी रुग्णालयात न्यायचाच. स्नायू फुटून लघवी कडक काळ्या चहासारखी होणं, मूत्रपिंड बंद पडणं, हे कधी दुसऱ्या दिवशी समजतं.

ताडपत्री, चार टॉवेल, बादल्या आणि बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी एप्रिल-मेमध्ये कायम ड्रायरपासून हाकेच्या अंतरावर ठेवा, कुलपात नाही. बर्फ रोज सकाळी बदला. मार्चमध्ये एकदा धडधाकट माणसाला ताडपत्रीत निजवून, नुसतं पाणी ओतून सराव करा. कोण डोकं धरणार, कोण फोन करणार, फाट्यावर रुग्णवाहिकेला वाट दाखवायला कोण उभं राहणार, हे तेव्हाच ठरतं.

उष्माघातातून उठलेल्याला किमान सात दिवस कष्टाचं काम नाही. मग डॉक्टरांची चिठ्ठी आली की तो नवा माणूस समजून पुन्हा २० टक्क्यांपासून सुरू करा.